त्याला सगळं ऐकू येतंय

गाडी धक्क्यापाशी वळत होती, तेवढ्यात मासळी विकणारी एक बाई रस्त्याच्या मधोमध येऊन दोन्ही हात हलवायला लागली. सेगुंदोने करकचून ब्रेक दाबला. दारात लटकलेली नोएमी पडता पडता वाचली.

"अगं, तुझे पपा!" बाई ओरडली. "तिकडे वाळूत बसलेत. उठता येत नाहीये त्यांना. आणि वर हसतायत!"

नोएमीने खांद्यावरची पिशवी नवऱ्याच्या मांडीवर फेकली आणि ती धावत सुटली. मागे सतरा उतारूंनी कलकलाट केला. सेगुंदो त्यांना समजावत राहिला, "अहो, सासरे आहेत माझे, दोन मिनिटं थांबा ना!"

सेगुंदो गाडी चालवायचा आणि नोएमी दारात उभी राहून उतारू गोळा करायची, याला अकरा वर्षं झाली होती. किनाऱ्यावरचं वान्चाको गाव ते त्रुहियो शहर आणि परत, दिवसाला आठ खेपा. नोएमीच्या पायाला भिंगरीच होती. घरी आली तरी बूड टेकायची नाही. जेवायची तेही चुलीपाशी उभ्याने.

इलारियो उकान्यान वाळूत पाय पसरून बसले होते. समोर अर्धवट बांधलेली होडी आडवी पडली होती. लव्हाळ्याच्या या निमुळत्या होडीला वान्चाकोत घोडाच म्हणतात, कारण कोळी तिच्यावर गुडघे टेकून मांड ठोकतात आणि लाटांवर घालतात. इलारियो एकोणसत्तर वर्षांचे होते. नवव्या वर्षापासून ते या घोड्यांवर होते.

"काय झालं पपा?"

"काही नाही गं. दोरी आवळत होतो, ती हातातून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मग उठायला गेलो, तर पाय म्हणाले, बस."

"मुंग्या आल्यात का?"

"कालपासून. आधी तळव्यांना. आता गुडघ्यापर्यंत चढल्यात."

"कालपासून! आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगणार कसा? तू थांबतेस कुठे?"

गेल्या आठवड्यात त्यांचं पोट बिघडलं होतं. त्या जूनमध्ये गावात निम्म्या लोकांचं बिघडलं होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. दोघा कोळ्यांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. सेगुंदोने उतारूंना सांगितलं, "आज मधले थांबे नाहीत, थेट इस्पितळ." एकानेही कुरकुर केली नाही.

मंगळवारी हे झालं. बुधवारी हात गेले. गुरुवारी बोलणं बोबडं झालं. शुक्रवारी पाण्याचा घोट घशाखाली उतरेना. शनिवारी छातीही थकली आणि डॉक्टरांनी त्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. पाच दिवसांत लाटा कापणारा माणूस लाकडाचा ओंडका झाला.

आजाराला गिलन-बारे म्हणतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "त्यांचं स्वतःचं शरीरच त्यांच्या नसांवर उलटलंय. आम्ही रक्तातलं पाणी बदलतोय. बरेच जण यातून बाहेर येतात. वेळ लागतो. मात्र वय पाहता..."

"वय पाहता काय?"

बाईंना कुणीतरी हाक मारली आणि त्या निघून गेल्या. ते अर्धं वाक्य माशाच्या काट्यासारखं नोएमीच्या घशात अडकून बसलं.

इस्पितळ त्यांच्या रस्त्यावरच होतं. दुपारच्या खेपेला नोएमी तिथे उतरायची, सेगुंदो एकटाच पुढे जायचा आणि परत येताना तिला घ्यायचा. मधल्या वेळात अर्धा तास भेटायला मिळायचा. त्या अर्ध्या तासात ती पपांचा चेहरा पुसायची, चादर ओढायची, पुन्हा सैल करायची, नळ्यांकडे बघायची, यंत्राचे आकडे वाचायची आणि तोंडाचा पट्टा सुरू ठेवायची. कोणाच्या जाळ्यात काय सापडलं, मांजरीने कुठे पिलं घातली, सेगुंदो कुणाशी भांडला. गप्प बसलं तर काहीतरी वाईट घडेल असं तिला वाटायचं. पपांच्या पापण्या तेवढ्या हलत होत्या. बाकी सगळं दगड.

शेजारच्या कॉटवर एल्मेर नावाचा पोरगा होता. सव्वीस वर्षांचा, मोटारसायकली दुरुस्त करणारा, त्याच आजाराचा. त्याची आई एका पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून आणायची. एक एक अक्षर दाखवायची. मुलाने डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही.

"तूही कर," तिने नोएमीला सांगितलं. "सतत बोलतेस, कधी विचार तरी त्यांना."

नोएमीने पुठ्ठा घेतला. अक्षरांवरून एकेक करत बोट फिरवलं. पहिलं अक्षर मिळालं, दुसरं मिळालं. शब्द झाला: कान.

"कान? ऐकू येत नाहीये का पपा?" ती त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "पपा! बहिरे झालात का?"

दोनदा पापण्या. मग पुन्हा दोनदा. मग भराभर कितीतरी वेळा.

एल्मेरची आई पलीकडून म्हणाली, "अगं वेडे, ओरडतेस काय! कान खाजत असेल त्यांचा."

नोएमीने कापसाची काडी कानात हळूच फिरवली. पपांचे डोळे मिटले ते मिटलेच राहिले आणि एका डोळ्यातून पाणी ओघळून उशीवर गेलं. किती दिवस खाजत असेल? नऊ? दहा? आणि इतके दिवस ती शेजारी उभी राहून मांजरीची पिलं सांगत होती.

जून संपताना गावात संत पेद्रोचा उत्सव झाला. लव्हाळ्याच्या मोठ्या होडीतून संताची मूर्ती समुद्रात गेली, बँड वाजला. दरवर्षी त्या होडीच्या दोऱ्या इलारियो आवळायचे. या वर्षी दुसऱ्याने आवळल्या आणि होडी एका बाजूला कलली, असं लोक म्हणाले. नोएमीने ते पपांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडेला बारीकशी सुरकुती पडल्यासारखी वाटली. खरीच पडली की तिला भास झाला, कोण जाणे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती एके दुपारी आत गेली, तर दोन कॉटच्या मधला पडदा ओढलेला होता. पडद्याखालून पलीकडची फरशी दिसत होती, ओली, नुकतीच पुसलेली. पुठ्ठा पपांच्या उशाशी ठेवलेला होता. एल्मेरच्या आईनेच ठेवला असणार.

तरी नोएमीच्या तोंडातून शब्द निघून गेले, "एल्मेरला दुसऱ्या वॉर्डात हलवलंय पपा. बरं वाटतंय त्याला आता."

पपांनी तिच्याकडे पाहिलं आणि डोळे दोनदा मिटले.

त्यांनी सगळं ऐकलं होतं. यंत्राचा कर्कश आवाज, धावणारी पावलं, आईचा टाहो, नंतर फडक्याचा फरशीवरचा आवाज. मान वळवता येत नव्हती, कान बंद करता येत नव्हते. त्या दिवशी नोएमीला पहिल्यांदाच बोलायला काही सुचलं नाही. पण बसवतही नव्हतं. ती अर्धा तास कॉटभोवती नुसत्या फेऱ्या मारत राहिली.

ऑगस्टमध्ये एक भुवई उचलली गेली. मग खांदा. मग उजव्या हाताचं मधलं बोट, आणि सेगुंदो म्हणाला, "सासरेबुवांनी बरोबर तेच बोट निवडलं." त्या महिन्याच्या शेवटी यंत्र काढलं. श्वासाच्या नळीसाठी गळ्यावर पाडलेल्या भोकाला झाकण लावून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोला बघू काका."

नोएमी पायाच्या बाजूला चादर नीट करत होती. पपांच्या घशातून आधी नुसती हवा आली. मग आवाज आला, खरवडल्यासारखा.

"नोएमी. बस गं जरा."

सप्टेंबर संपता संपता ते घरी आले. वजन निम्मं झालेलं, पाय बगळ्याचे. त्यांना वाटलं होतं तसं चालत मात्र आले नाहीत. सेगुंदोने त्यांना पाठुंगळी घेऊन आणलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुरुवात केली. इस्पितळातल्या पोरीने दिलेले व्यायाम सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. मग सदऱ्याची बटणं. पाच बटणं लावायला पाऊण तास जायचा. बोटं बटणापर्यंत पोचायची, बटण धरायची आणि काजापाशी आलं की सुटायचं. पुन्हा पहिल्यापासून.

नोएमीला ते बघवायचं नाही. पहिल्या दिवशी तिने पुढे होऊन दोन बटणं लावली. पपांनी ती सोडवली. सोडवायलाही दहा मिनिटं लागली.

"पपा, कढण निवतंय!"

"निवू दे."

"मी लावते ना. एका मिनिटात होतं."

"तुझं होतं. माझं कुठे होतं?"

ती अंगणात गेली आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. आत धप्पकन आवाज झाला. ती धावली. पपा भिंतीशी पालथे पडले होते आणि कोपरावर जोर देत होते.

"हात लावू नकोस," ते जमिनीकडे तोंड करूनच म्हणाले.

ती दारात उभी राहिली. ओढणीचं टोक पिळत राहिली, ओठ चावत राहिली. वीस मिनिटं लागली. गुडघा आला, मग खुर्चीचा पाय हाताला लागला, मग बैठक. कपाळावर खोक पडली होती, त्यातून रक्त येत होतं. खुर्चीत बसल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "हां. आता पूस."

असा ऑक्टोबर गेला. पलंगाच्या खुराला त्यांनी दोरीचा तुकडा बांधून घेतला होता. दिवसभर गाठ मारायची आणि सोडायची. नोव्हेंबरात ते काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले, डिसेंबरात किनाऱ्यापर्यंत. डावा पाय ओढत, दर पंचवीस पावलांना थांबत. पण गेले. किनाऱ्यावरचे कोळी उठून उभे राहिले. एकाने त्यांच्या हातात मक्याच्या आंबवलेल्या पेयाचा, चिचाचा, वाडगा दिला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता पिऊन दाखवला.

त्या दिवसापासून नोएमी गाडीत गप्प बसेना.

"चला, त्रुहियो, त्रुहियो! मध्ये सरका, जागा आहे! मावशी, हे बघा, माझे पपा पण असेच काठी घेतात, आणि जूनमध्ये पापणीसुद्धा धड हलत नव्हती. एकोणसत्तर वर्षांचं वय! डॉक्टरांनी वय बघून हात टेकले होते. पण माणसात जिद्द लागते, जिद्द!"

"तू कंडक्टर आहेस की रेडिओ?" सेगुंदो आरशातून म्हणायचा. "मागच्या थांब्यावर एक माणूस उतरायचा राहिला."

"त्याला गोष्ट आवडली म्हणून बसला असेल!"

एक दिवस मागच्या बाकावरची एक बाई इस्पितळाचा थांबा आला तरी उतरली नाही. गाडी रिकामी होईपर्यंत थांबली. पस्तिशीची असेल. डोळ्यांखाली काळं, केस दोन दिवस न विंचरलेले.

"ताई, तुमच्या वडिलांना जे झालं होतं..." ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला तेच झालंय. सोळा दिवस झाले. अबेल नाव त्याचं. बेकरीत काम करतो. मी त्याच्याशी बोलते, पण तो ऐकतो की नाही, कळत नाही. तुमच्या वडिलांना एकदा भेटू का? ते त्याला येऊन सांगतील का, की धीर धर म्हणून?"

तिचं नाव दोर्कास. नोएमीने तिचा हात धरला. "भेटू का काय! आत्ताच चल. माझे पपा तुझ्या नवऱ्यात वाघ जागा करतील."

इलारियो अंगणात लव्हाळे निवडत बसले होते. नोएमीने एका दमात सगळं सांगितलं. दोर्कास ओढणी सावरत उभी होती.

"आणि अबेलला सांगा पपा, तुम्ही कसं हार मानली नाहीत ते. ते ऐकून—"

"नाही," इलारियो म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"मी येणार नाही. माफ कर बाई."

दोर्कासने मान खाली घातली. "काही हरकत नाही काका," असं पुटपुटून ती निघालीसुद्धा. तिला थांब्यावर सोडून नोएमी परत आली ती फणफणतच.

"एवढं मन घट्ट झालं तुमचं? बिचारी किती आशेनं आली होती! सगळ्या गाडीला मी तुमचं कौतुक सांगते आणि तुम्ही—"

"कशाचं कौतुक?" इलारियोंनी हातातली जुडी खाली टाकली. आवाज अजून खरखरीतच होता, चढला की फाटायचा. "मी काय केलं? सांग ना! मी पडून होतो. यंत्र श्वास घेत होतं. नर्स कूस बदलत होती. रक्त कुठल्या तरी बाटलीतून येत होतं. एल्मेर रोज बोट हलवायला धडपडायचा. मी ऐकायचो. त्याचा डॉक्टर म्हणायचा, शाब्बास, अजून एकदा. अजून एकदा! तो दिवसभर एकट्यानेसुद्धा करायचा, मला त्याच्या श्वासावरून कळायचं. जिद्दीने माणूस वाचत असता, तर तो आज मोटारसायकली दुरुस्त करत असता. जा, त्याच्या आईला सांगून ये, की पोरात जिद्द कमी पडली. जाशील?"

इतक्या महिन्यांत पपांनी एल्मेरचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

चार दिवस घरात धुसफूस राहिली. नोएमी गाडीत नुसते थांबे ओरडायची. उतारूंनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं. एका म्हातारीने तर विचारलं, "काय गं, गेले का वडील?" तेव्हा नोएमी तिच्यावर खेकसली आणि मग दिवसभर स्वतःवर चिडत राहिली. रात्रीची झोप उडाली ती वेगळीच. पपांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मग दारातून तिने जे पाहिलं होतं, ते काय होतं? भिंतीशी पडलेला माणूस वीस मिनिटं कोपरावर झगडत होता, त्याला काय म्हणायचं?

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या खेपेला गाडी धक्क्यावर उभी होती. इलारियो काठी टेकत आले. धुतलेला सदरा, पाचही बटणं लावलेली.

"कुठे पपा?"

"गाडीत."

पायरी उंच होती. नोएमीचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने तो मागे घेतला, पाठीमागे धरून ठेवला. इलारियोंनी दांडी पकडली. उजवा पाय वर. दम. डावा पाय हाताने उचलून वर. आतून एक जण म्हणाला, "चला हो, कामावर जायचंय."

"मलाही," इलारियो म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

गाडी निघाली. नोएमीने दाराची दांडी सोडली नाही, पण वाकून हळूच म्हणाली, "पपा, वाचलात ते नशिबाने, मान्य. डॉक्टरांनी, यंत्राने, मान्य. पण ती बटणं कुणी लावली? यंत्राने?"

इलारियोंनी खिडकीबाहेर पाहिलं. धुकं अजून उठलं नव्हतं.

"ती मी लावली," ते म्हणाले. "तेवढं घे माझ्या नावावर. जास्त नको." मग काठी सरळ करत म्हणाले, "इस्पितळाला उतरव मला."

अबेल दारापासून तिसऱ्या कॉटवर होता. आडव्या हाडाचा, रुंद खांद्यांचा माणूस. दोर्कास त्याच्या कपाळावरून हात फिरवत "देव आहे, देव आहे" म्हणत होती. इलारियोंना पाहून ती गडबडून उठली.

"बस बाई," ते म्हणाले. "आधी तो दिवा बंद करायला सांग. सरळ डोळ्यांत येतोय त्याच्या. त्याला मान वळवता येत नाही."

दोर्कासने वर पाहिलं. सोळा दिवस, नव्हे आता एकवीस दिवस, तो दिवा तिथेच होता. तिने तोंडावर हात घेतला. नर्सने दिवा मालवला, तसे अबेलचे ताणलेले डोळे सैल झाले.

इलारियोंनी खुर्ची ओढली नाही. ओढता येत नव्हती. नोएमीने ओढून दिली. ते अबेलच्या तोंडासमोर, त्याला दिसेल असे बसले.

"अबेल, मी इलारियो. वान्चाकोचा कोळी. मी तुला धीर धर म्हणून सांगायला आलेलो नाही. तुझ्याकडे दुसरं काही करण्यासारखंच नाही, धीर धरशील नाही तर काय करशील?"

नोएमीने कपाळावर हात मारला. पण पपा पुढे बोलत होते, सावकाश, दम घेत घेत.

"आत्ता अकरा वाजून दहा मिनिटं झालीत. शुक्रवार आहे. बाहेर धुकं आहे, थंडी नाही. तुझी बायको निळ्या ओढणीत आहे आणि तिने सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. तुला सगळं ऐकू येतंय, मला माहीत आहे. लोक डोक्यावर उभे राहून काय काय बोलतात तेही माहीत आहे. आता मी विचारतो. खाजतंय का कुठे? एकदा मीट, हो. दोनदा, नाही."

एकदा.

"नाक?" दोनदा. "कान?" दोनदा. "पाठ?"

अबेलने डोळे घट्ट मिटले आणि उघडले. दोर्कासने त्याच्या पाठीखाली हात घातला. ती खाजवत होती आणि रडत होती, आणि मध्येच तिला हसूही आलं. "इथे? की खाली? अरे, सांग ना, इथे?"

इलारियो तास झाला तरी उठले नाहीत. नोएमी भिंतीला टेकून उभी होती, मग कॉटच्या कडेला गेली, मग दाराशी. खाली सेगुंदोची गाडी येऊन हॉर्न वाजवून गेली. तिला जायचं होतं आणि जाववत नव्हतं. पपा नुसते बसले होते. अबेल त्यांच्याकडे बघत होता. एकदा इलारियो म्हणाले, "शेजारी कुणी गेलं आणि घरचे खोटं बोलले, तर रागावू नकोस. त्यांना काय बोलावं ते सुचत नाही." नोएमी बाहेरच्या जिन्यात जाऊन उभी राहिली. डोळे पुसून ती परत आत आली.

नंतर ते आठवड्यातून दोनदा जायला लागले. मंगळवार आणि शुक्रवार. कुणी सांगितलं म्हणून नाही. जानेवारीत आणखी एक बाई आली, शाळेत शिकवणारी. तिच्यापाशीही बसले. ती फेब्रुवारीत गेली. इलारियो तिच्या अंत्ययात्रेला काठी टेकत टेकत दफनभूमीपर्यंत गेले आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. नोएमी म्हणाली, "आज राहू द्या पपा. चेहरा बघा कसा झालाय." त्यांनी सदरा मागितला.

मार्चमध्ये त्यांनी घोडा पाण्यात घातला. पहिल्याच लाटेने तो उलटा केला आणि दोघा कोळ्यांनी त्यांना बखोटीला धरून बाहेर काढलं. गुडघ्यांवर बसून तोल सांभाळणं डाव्या पायाला काही जमेना. पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा उलटला. नाकातोंडातून खारं पाणी काढत ते म्हणाले, "ठीक. आता दुसऱ्यांसाठी बांधीन." पण त्या संध्याकाळी ते बराच वेळ पाठ समुद्राकडे करून बसले होते. नोएमीने ते पाहिलं, आणि या वेळी काही विचारलं नाही.

एप्रिलच्या मध्याला अबेलच्या गळ्यातली नळी निघाली आणि त्याला लगेच घरी सोडलं. दोन कुबड्या, पण स्वतःच्या पायांवर. आठवड्याने दोर्कास त्याला घेऊन गाडीत चढली. सोबत अबेलच्या बेकरीतल्या पावांची पिशवी. अबेल आधी काकांना भेटायचं म्हणाला. इलारियो घरी नव्हते, लव्हाळ्यांच्या तळ्यांकडे गेले होते. गाडी त्या कच्च्या रस्त्याने जाण्यासारखी नव्हती, तरी सेगुंदोने ती घातली.

इलारियो गुडघाभर पाण्यात उभे राहून लव्हाळे कापत होते. काठी काठावर रोवलेली. त्यांना पाहून ते तिथेच थांबले. अबेल कुबड्यांवर चिखलापर्यंत आला.

"काका," तो म्हणाला.

इलारियोंनी डोळे बारीक केले आणि मोठ्याने हसले. "अरे! एवढा दांडगा माणूस आणि आवाज हा असा, पिपाणीसारखा? मी चार महिने तुझा आवाज मनात धरून होतो. ढोलासारखा असेल वाटलं होतं."

"आजाराआधी ढोलच होता," दोर्कास म्हणाली. "घोरायचा तेव्हा."

"काका, एक विचारायचंय," अबेल म्हणाला. "फेब्रुवारीत तुम्ही गोष्ट सांगत होतात. तरुणपणी तुमचं जाळं खडकात अडकलं, तुम्ही सुरी तोंडात धरून खाली बुडी मारली, आणि तेवढ्यात नर्सने तुम्हाला हाकललं. पुढल्या वेळी तुम्ही दुसरंच काही सांगत बसलात. मला विचारता येईना. पुढे काय झालं?"

"पुढे?" इलारियोंनी आठवून पाहिलं. "पुढे काय होणार? जाळं फाटलं. मी घरी आलो. बायकोने शिव्या घातल्या."

"एवढंच? मी तीन आठवडे झोपलो नाही हो त्याच्यापायी! कधी शार्क आला, कधी सुरी सुटली, काय काय रचलं मी!"

"मग माझ्यापेक्षा तुझीच गोष्ट चांगली आहे. ती सांग."

दोघं हसत होते. एक पाण्यात, एक चिखलात. दोघांनाही धड उभं राहता येत नव्हतं आणि दोघंही बसत नव्हते. नोएमी काठावर या पायावरून त्या पायावर होत होती. तिकडे उतारू ताटकळले होते, सेगुंदो हॉर्नवर हॉर्न देत होता. तिने एक पाव तोडून तोंडात टाकला आणि उभ्यानेच चघळत राहिली.

"काका," दोर्कास हलकेच म्हणाली, "आम्ही निघालो त्या दिवशी अबेलच्या कॉटवर नवीन माणूस आणला. बंदरावरचा हमाल. त्याच्यासोबत कुणी दिसलं नाही."

इलारियोंनी कापलेली जुडी काठावर ठेवली आणि काठीसाठी हात पुढे केला. नोएमीने ती उपटून त्यांच्या हातात दिली.

"नाव काय म्हणालीस त्याचं?" त्यांनी विचारलं.

दोर्कासला नाव माहीत नव्हतं.

"कळेल," इलारियो म्हणाले आणि चिखलातून पाय काढायला लागले. डावा पाय निघेना. नोएमी थांबली.